वाचक विचारतात : ‘काळ’ला ‘काल’ म्हणणारा नातू

प्रश्न : ताई, मी दौलतगंजात राहतो, वय ७४. आमची ग्वाल्हेरातली ही पाचवी पिढी, म्हणजे नातू सातव्या पिढीचा. तो नऊ वर्षांचा आहे. मराठी भरपूर बोलतो, पण ‘ळ’ काही त्याच्या तोंडून येत नाही. परवा म्हणाला, ‘आजोबा, शालेची वेल झाली.’ मी वीस वेळा ‘शाळा, वेळ’ म्हणून दाखवलं. तो म्हणतो, ‘मी पण तेच तर म्हणतोय!’ सूनबाईंचं म्हणणं, मोठा झाला की येईल. शेजारचा इंजिनियर मुलगा सांगतो की आवाजाचं चित्र काढता येतं आणि त्यात फरक दिसतो. हे खरं का? आणि दिसला तरी उपयोग काय?
— एक आजोबा, लश्कर

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य नातवाचं आहे. ‘मी पण तेच तर म्हणतोय’ हे तो वाद घालायला म्हणत नाही, त्याच्या कानाला दोन्ही खरोखरच एक लागतात. त्याची हिंदी आठवा. फळ तिथे फल, काळा तिथे काला, केळं तिथे केला, नळ तिथे नल, गोळी तिथे गोली. पोराने आपल्यापुरता हिशोब करून टाकलाय : आजोबांचा ‘ळ’ म्हणजे ‘ल’च, फक्त म्हाताऱ्या माणसांच्या लकबीचा. अशा मुलापुढे एकविसाव्यांदा ‘शाळा’ म्हणून काही होणार नाही.

आधी एक तपासणी घरीच करा. त्याला ‘सड़क’, ‘घोड़ा’, ‘पकड़ो’ म्हणायला लावा. हे शब्द स्वच्छ येत असतील तर जीभ टाळूकडे व्यवस्थित वळते आहे आणि डॉक्टरांकडे न्यायचं कारण नाही. (तेही अडत असतील तर मात्र एकदा दाखवून या.) माझा अंदाज, ‘पकड़ो’ तो तुमच्यापेक्षा ठणठणीत म्हणेल. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चित्र. इंजिनियर मुलगा बरोबर सांगतोय. त्या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो, खालून वर कंपनांची संख्या चढत जाते, आणि जिथे जोर जास्त तिथे काळं गडद. ‘आ’ म्हटलं की एकावर एक आडवे काळे पट्टे उमटतात. हे पट्टे म्हणजे फॉर्मंट. ते कुठून येतात ते कळल्याशिवाय ‘ळ’ सापडायचा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गळ्यातले स्वरतंतू आतून येणारी हवा कापून कापून सोडतात, बस्स. पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, बाईच्या गळ्यात २०० च्या आसपास, मुलाच्या गळ्यात त्याहून जास्त. तिथेच कान लावता आला असता तर ‘आ’ही ऐकू आला नसता आणि ‘ई’ही नाही, नुसती भुणभुण. पण त्या भुणभुणीत एकटा सूर नसतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तसे इथेही मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट सूर एकदम निघतात. ही सगळी वरात घशातून आणि तोंडातून ओठांपर्यंत येते. मोठ्या पुरुषात ही वाट सुमारे १७ सेंटिमीटरची, एका टोकाला मिटलेली आणि दुसऱ्याला उघडी. अशा नळीच्या आवडीचे सूर ठरलेले असतात. १७ सेंटिमीटरच्या सरळसोट नळीला ते ५००, १५०० आणि २५०० कंपनांच्या जवळपास पडतात. तिथले सूर नळी फुगवते, बाकीचे दाबते. जीभ हलली, ओठ गोल झाले की नळीचा आकार बदलतो आणि आवडीचे सूर सरकतात. पुरुषाच्या ‘ई’त पहिला पट्टा ३०० च्या जरा खाली आणि दुसरा २३०० जवळ, ‘आ’त पहिला ७०० च्या वर आणि दुसरा ११०० जवळ. गळ्याने दोन्ही वेळा तीच भुणभुण पुरवली, अक्षर तोंडात घडलं.

खात्री करायला यंत्र नको. आत्ता कुजबुजत्या आवाजात ‘ई-ऊ-ई-ऊ’ म्हणा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे सूर मुळी नसतोच. तरी ‘ई’ ‘ई’च राहते, आणि काहीतरी वर-खाली सरकल्यासारखं ऐकू येतं. ते सरकणं बहुतेक दुसऱ्या पट्ट्याचं.

आता ‘काल’ आणि ‘काळ’. ‘ल’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि तिसरा पट्टा वरच राहतो, पुरुषाच्या आवाजात २५०० च्या आसपास. ‘ळ’ला तेच टोक मागे वळून टाळूच्या घुमटाकडे जातं, जिभेच्या पुढे-खाली एक पोकळी तयार होते, आणि तिसरा पट्टा खाली झुकतो. गंमत अशी की तो ‘आ’ संपायच्या आधीपासूनच झुकायला लागतो, कारण जीभ अक्षराची वाट बघत बसत नाही, आधीच निघालेली असते. ‘काळ’च्या चित्रात हा उतार शेंबड्या पोरालाही दिसतो. ‘काल’मध्ये तो नसतो. आपल्या जुन्या लोकांनी असलं काही यंत्र नसताना ट-ठ-ड-ढ-ण आणि ळ यांना ‘मूर्धन्य’ म्हणून एका पंगतीला बसवलं, ते नुसतं जिभेकडे लक्ष देऊन. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेतला ‘ईळे’ याच ‘ळ’चा, हे नातवाला जरूर सांगा. शाळेत कुणी चिडवलं तर उत्तर तयार असेल.

आणि ‘सड़क’चा ‘ड़’? त्यातही जीभ तशीच वळते, त्यातही तिसरा पट्टा झुकतो. फरक एवढा की तिथे जीभ टाळूला निसटती आपटून खाली येते. चित्रात एक फिकी उभी फट दिसते, सेकंदाच्या दोन-तीन शतांशांची. म्हणजे अर्धा ‘ळ’ नातवाच्या तोंडात हिंदीने आधीच बसवलेला आहे! त्याला म्हणावं, ‘ड़’साठी जीभ वळव, वळलेली तशीच धरून ठेव, आणि त्याच जागेवरून ‘ल’ म्हण. ‘ल’ सुधारायला गेलात तर वर्ष जाईल. ‘ड़’कडून या.

उपयोग काय, असं विचारलंत. उपयोग हा की पोराच्या कानाला न पटणारी गोष्ट त्याच्या डोळ्याला पटते. ‘तू चुकतोस’ असं आजोबांनी म्हणण्यापेक्षा पट्टा झुकला की नाही हे त्याने स्वतः बघावं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हा खेळ फार लवकर पकड घेतो. एकाने तर पट्टा झुकवायच्या नादात ‘ल’ असलेला एक शब्द शिल्लक ठेवला नव्हता. आठवडाभर घरात ‘ळोणचं’ चाललं होतं.

हे करायला आता पैसे पडत नाहीत. ‘प्रात’ नावाची प्रणाली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केली आणि फुकट ठेवली. डच भाषेत ‘प्रात’ म्हणजे ‘बोल’. शेजारच्या मुलाला संगणकावर घालून द्यायला सांगा. मी म्हैसूरला शिकत होते तेव्हा हेच काम सोनाग्राफ करायचा. अडीच सेकंदांहूनही कमी बोलणं त्यात मावायचं. गोल फिरणाऱ्या दंडावर गुंडाळलेल्या कागदावर सुई ठिणग्यांनी रेघा जाळत जायची, आणि काही मिनिटांनी एक वाक्य हाती यायचं. खोलीभर जळक्या कागदाचा वास. आमच्यातली एक मैत्रीण तो वास आला की चहाची सुट्टी मागायची. हे तंत्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडलं, युद्ध संपल्यावर जगापुढे आलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी बोलणं डोळ्यांनी वाचावं अशी त्यामागे मोठी आशा होती. तसं वाचणं रोजच्या व्यवहारात जमलं नाही. पट्टे फार भरभर पळतात, आणि प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षरात पाय पसरतं. पण शिकवायला ते चित्र उरलं.

आता सूचना. कूलर बंद करा. मे महिन्यात ग्वाल्हेरात हे सांगणं म्हणजे क्रौर्य आहे, पण कूलर चालू असेल तर चित्र खालपासून वरपर्यंत काळवंडतं आणि तुम्ही नातवाऐवजी पंख्याचा अभ्यास करत बसाल. फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा. व्हॉट्सॲपवरून आलेला आवाज वापरू नका, पाठवण्यासाठी तो पिळून काढलेला असतो. आणि तुमचे आकडे नातवाला लावू नका. त्याच्या तोंडाची नळी लहान, म्हणून त्याचे सगळे पट्टे तुमच्यापेक्षा बरेच वर असतील. तिसरा पट्टा ३००० च्या पुढेसुद्धा. आकडा सोडून द्या, उतार बघा.

चित्र काढताना एक खिडकी निवडावी लागते. यंत्राने एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा बघायचा, ते ती ठरवते. आपल्याकडची श्योपूरची छोटी गाडी आठवते ना? तिच्या चाकांचा ठेका जलद की संथ हे सांगायला चार ठोके तरी ऐकावे लागत. पण चार ठोके ऐकेपर्यंत गाडी पुढे गेलेली, नेमका कुठला ठोका कुठे पडला ते हातचं जायचं. इथेही तेच. लांब खिडकी घेतली तर सूर बारीक रेघांत सुटे दिसतात, पण क्षण पुसट होतात. आखूड घेतली तर क्षण नेमके, सूर मात्र एकमेकांत मिसळून रुंद पट्टे होतात. तुम्हाला पट्टे हवेत, म्हणून आखूड खिडकी : सेकंदाचा पाच हजारावा नव्हे, पाच सहस्रांश भाग. ‘प्रात’मध्ये ती आधीपासून तीच असते, हात लावू नका.

मराठीचं असं मोजमाप कुणी करतं का, अशी शंका तुम्हाला येईल म्हणून सांगते. अमेरिकेतल्या लायस्कर आणि अब्रॅमसन या दोघांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतली व्यंजनं मोजली, त्यांत मराठी होती. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळा कंप पावू लागेपर्यंत किती वेळ जातो हे ते मोजत होते. प, फ, ब या जाती त्या एका मापाने छान वेगळ्या झाल्या. अडलं ते ‘ब’ आणि ‘भ’ यांच्यापाशी. दोन्हींत गळा आधीच सुरू असतो, आणि ‘भ’मधला तो श्वासाचा सुस्कारा वेळेच्या फूटपट्टीत मावेना. आपल्या ‘घ-झ-ढ-ध-भ’ मंडळींनी तिथे चांगलाच घोळ घातला. मला याचा अजून आनंद होतो.

शेवटी एक कबुली. मी जन्मले ग्वाल्हेरच्याच लश्कर भागात, आणि पुण्याची माझी चुलत बहीण लहानपणापासून माझ्या मराठीला हसते. यंत्र हाती आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात स्वतःचा ‘ळ’ रेकॉर्ड केला. सुट्या ‘काळ’मध्ये पट्टा सुरेख झुकला. मग तिच्याशी फोनवर गप्पा मारतानाचं बोलणं तिला सांगून रेकॉर्ड केलं. त्यात ‘केळी आणायला बाड्यावर गेले होते’ असं मी घाईत म्हणाले, आणि त्या ‘केळी’तला पट्टा सरळ, इस्त्री केल्यासारखा. तीस वर्षं मुलांना ‘ळ’ शिकवणाऱ्या बाईचा! ते चित्र मी बहिणीला पाठवलेलं नाही. तेव्हा नातवाच्या सुट्या शब्दांत उतार आला की पेढे वाटू नका, गोष्ट सांगताना येतो का ते बघा. आणि त्याच बैठकीत स्वतःचाही आवाज घेऊन पाहा, आजोबा.

प्रश्न : तानसेनच्या समाधीपाशी चिंच आहे, तिची पानं चावली की गळा गोड होतो असं म्हणतात. माझी आई मला दर परीक्षेआधी घेऊन जाते. याला काही शास्त्र?
— गाणं शिकणारी, हजिरा

उत्तर : पान अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. गिळताना ते दार घट्ट मिटतं, म्हणून खाल्लेलं काहीही, चिंच असो की मध, तंतूंना थेट शिवत नाही. शिवलं तर गोडवा राहू दे, ठसका लागेल. आंबट पानाने तोंडाला पाणी सुटतं आणि कोरड पडलेल्या घशाला बरं वाटतं, तेवढं शास्त्र म्हणा. तुमच्याच जातीच्या माणसाची एक गोष्ट सांगते. जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात हे १८५४ मध्ये नीट पाहिलं ते मानुएल गार्सिया यांनी, आणि ते डॉक्टर नव्हते, गाणं शिकवायचे. दातांच्या डॉक्टरांचा इवलासा आरसा घशात धरला, उन्हाचा कवडसा त्यावर पाडला आणि दुसऱ्या आरशात स्वतःचाच गळा बघितला. आईबरोबर समाधीला जरूर जा, झाडाला ओरबाडू नका.

प्रश्न : मी काळी चारमध्ये गाते. तार षड्जावर ‘ई’कार आला की आवाज चिमटतो. गुरुजी म्हणतात तोंड उघड. उघडलं की सूर मोकळा लागतो, पण ‘सखी’चं ‘सखे’ होतं. मग गुरुजी म्हणतात शब्द बिघडला! दोन्ही कसं साधायचं?
— एक विद्यार्थिनी, मुरार

उत्तर : गुरुजींच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या एकदम पुऱ्या होत नाहीत. काळी चारचा मध्य षड्ज सुमारे २०८ कंपनांचा, तार षड्ज दुप्पट, ४१५ च्या आसपास. बाईच्या ‘ई’चा पहिला पट्टा पडतो ३०० च्या जरा वर. म्हणजे तुम्ही तार षड्ज लावता तेव्हा तुमचा सगळ्यात खालचा सूरच त्या पट्ट्याच्या वर निघून गेलेला असतो. नळी ३०० जवळ फुगवायला टपून बसली आहे, आणि फुगवायला तिथे काही नाहीच. मग गळा जोर लावतो, तेच तुमचं चिमटणं. तोंड उघडलं की पहिला पट्टा वर चढून सुराला गाठतो आणि आवाज फुकटात मोठा होतो. पाश्चात्त्य ऑपेरातल्या उंच आवाजाच्या गायिका हेच करतात, स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी ते मोजून दाखवलंय. पण पहिला पट्टा वर गेला की ‘ई’चा ‘ए’ होणारच, कारण ‘ई’ ‘ई’ वाटते ती तो पट्टा खाली असतो म्हणून.

मग करायचं काय? ‘सखी’ मध्य सप्तकात स्वच्छ म्हणून घ्या. ऐकणाऱ्याला शब्द एकदा कळला की तार सप्तकात त्याचा कान उरलेलं भरून घेतो. जीभ ‘ई’च्याच जागी, पुढे आणि उंच ठेवा. उघडायचा तो जबडा, आणि तोही सूर लागण्यापुरता. गुरुजींना माझा नमस्कार सांगून हे दाखवा. ग्वाल्हेरची तालीम असेल तर बंदिशीच्या शब्दांवरून बोलणी खावीच लागतात, त्यातून सुटका नाही. अर्थात जे गवई मध्य सप्तकातही ‘सखी’चं ‘सखे’ करतात, त्यांच्या वतीने मी काही बोलणार नाही.

प्रश्न : भाचीच्या लग्नात मी मंगलाष्टक म्हटलं. व्हिडिओत ऐकलं तर आवाज पातळ, चिरका. माझा आवाज असा आहे का? फोन खराब आहे का?
— एक मावशी, कंपू

उत्तर : फोन ठीक आहे. स्वतःचा आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो : हवेतून, आणि कवटीच्या हाडांतून. हाडं खालचे, भरदार सूर चांगले पोचवतात. फोनला तुमची हाडं कुठली मिळणार? दोन्ही कानांत बोटं घालून ‘म्’ म्हणा. एकदम घुमेल. तो घुमणारा भाग व्हिडिओत नाही, आणि तो मांडवात कुणालाही ऐकू गेला नव्हता. त्यांनी ऐकला तो व्हिडिओतला आवाज, आणि पुढच्या लग्नालाही तुम्हालाच उभं केलंय असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय.